जिओकॅशिंग आणि जीपीएसमुळे चर्चमध्ये खरंच नवीन उपासक येतात का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की इंग्लंडातली चर्च जिओकॅशिंग (लपवलेली छोटी डबी जीपीएसने शोधायची आणि आतल्या वहीत नाव लिहायचं असा खेळ) करून नवीन लोकांना उपासनेला आणतात असं कुठेतरी वाचलं, पुण्यात तुमच्या तरुण संघाला तसंच काहीतरी करायचंय, आणि कमिटीतले लोक विचारतायत की यातून मेंबर किती वाढतील. हा शेवटचा भाग वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. कारण "मेंबर किती वाढले" हाच प्रश्न मी इथे आमच्या चर्चच्या मीटिंगमध्ये इतक्या वेळा ऐकलाय की आता तो कुणीही विचारला तरी डोकं तापतं. तुमच्यावर राग नाही, तुमच्या कमिटीवर थोडासा आहे.

आधी सरळ उत्तर देते. जिओकॅशिंगमुळे लोक चर्चपर्यंत येतात, भरपूर येतात. उपासनेला फार थोडे येतात. आणि जे येतात ते डबीमुळे येत नाहीत, डबी सापडल्यावर त्यांना तिथे काय दिसलं त्यामुळे येतात.

आता माझं सांगते. मी मूळची नगरची, नर्स म्हणून इंग्लंडात आले, लेस्टरशायरमधल्या एका खेड्यात राहते. गावातलं चर्च मध्ययुगातलं, चौकोनी मनोरा, आवारात यूची जुनी प्रचंड झाडं. एका व्हिकरबाईंकडे, म्हणजे पाळकबाईंकडे, सहा-सात गावं, त्यामुळे आमच्याकडे महिन्यातून दोनदाच उपासना, आणि त्यालाही पंधरा-वीस माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. हे काही आमच्याच गावाचं नाही. 2016 च्या जानेवारीत चर्च ऑफ इंग्लंडने जे आकडे जाहीर केले त्यात आठवड्याची हजेरी दहा लाखांच्या खाली गेली होती, 9 लाख 80 हजारांच्या आसपास, आणि इमारती मात्र जवळजवळ सोळा हजार, त्यातल्या कितीतरी इतक्या जुन्या की एक कौल हलवायचं तरी परवानगी लागते. म्हणजे माणसं कमी आणि दगड जास्त, आणि त्या दगडांची डागडुजी त्याच पंधरा-वीस म्हाताऱ्यांच्या पेन्शनमधून.

माझा मुलगा स्काउटमध्ये जिओकॅशिंग शिकला आणि आम्ही शनिवार-रविवार फिरायला लागलो. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की इथे चर्चच्या आसपास किती डब्या आहेत. चर्च मायक्रो म्हणून एक मालिकाच आहे, वर्षानुवर्षं चालू आहे, देशभर हजारो डब्या, प्रत्येक एका चर्चजवळ. आणि ही मालिका कुठल्या बिशपने किंवा डायोसीसने (बिशपच्या प्रांताने) काढलेली नाही बरं का, खेळणाऱ्या लोकांनी काढलीय, ज्यांच्यातले कितीतरी जण स्वतः देव मानत नाहीत. तुम्ही जे वाचलंत की "चर्च जिओकॅशिंग वापरतात" ते अर्धंच खरं आहे. लोक आधीच चर्चच्या फाटकाशी येऊन उभे होते, काही चर्चच्या ते उशिरा लक्षात आलं. कारणही साधं आहे. इथली पायवाट चर्चच्या आवारातून जाते, गाडी लावायला जागा असते, आणि कोडं करायला भरपूर आकडे मिळतात, फाटकावरचं साल, युद्धस्मारकावरची नावं, सूचना फलकावरचा फोन नंबर, हे सगळं जोडून शेवटच्या डबीचे कोऑर्डिनेट काढायचे. असल्या खेळाला चर्चइतकी चांगली जागा नाही.

म्हणून मी पीसीसीत, म्हणजे आपल्याकडच्या पास्टरेट कमिटीसारखी जी असते तिच्यात, मांडलं की आपल्या चर्चची डबी अजून कुणी ठेवलेली नाही, आपणच ठेवू. व्हिकरबाई लगेच हो म्हणाल्या. एका आजींना आवडलं नाही, चर्च खेळायची जागा आहे का म्हणाल्या. त्या रात्री पप्पांशी फोनवर बोलले, ते नगरला रिटायर्ड पाळक आहेत, मला वाटलं तेही तेच म्हणतील. ते म्हणाले, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी काय केलं? हातात टाळ घेतले, कीर्तनाला उभे राहिले, अभंगातून ख्रिस्त सांगितला, कारण ऐकणाऱ्याच्या पायाखालची वाट ती होती. तुझ्या गावात लोक ज्या वाटेने चालतात त्या वाटेवर तू जा. मी हे त्या आजींना जमेल तसं इंग्रजीत समजावून सांगितलं, आणि पुढे डबीतली ओली वही बदलायचं काम त्यांनीच अंगावर घेतलं.

विरोध झाला तो खजिनदारांकडून. माणूस वाईट नाही, चर्चचे हिशोब वर्षानुवर्षं चोख ठेवलेत, पण सगळ्याच गोष्टींचा हिशोब त्याच वहीत बसतो असं त्यांना वाटतं. डबीच्या पानावर आम्ही वर्णन लिहिलं आणि शेवटी एक ओळ टाकली की रविवारी अकराला उपासना असते, जरूर या. साइटच्या रिव्ह्यूअरने ती ओळ काढायला सांगितली. जिओकॅशिंग डॉट कॉमचा नियमच आहे, डबीच्या पानावर धर्म, राजकारण, धंदा, देणग्या, कशाचाच प्रचार चालत नाही, फक्त जागेचा इतिहास सांगा. खजिनदार म्हणाले मग उपयोग काय? माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की हा नियम चर्चच्या फायद्याचा आहे. डबी उघडल्यावर आत ट्रॅक्ट, म्हणजे धर्मप्रचाराचं पत्रक, निघालं की माणसाला वाटतं आपल्याला फसवून इथवर आणलं, तो परत येत नाही आणि लॉगमध्ये, म्हणजे साइटवर डबी सापडल्याची जी नोंद करतात तिच्यात, तसं लिहून ठेवतो, जे पुढचे सगळे वाचतात. तुमचा संघ डबीत पत्रकं टाकायचा विचार करत असेल तर आत्ताच सोडून द्या. आपल्याकडच्या आजच्या वातावरणात तर मुळीच नको.

तर ओळ काढली, पान पब्लिश झालं आणि लोक यायला लागले. पावसात, अंधारात हेडलाइट लावून, कुत्री घेऊन, लहान पोरं घेऊन. ज्या आवारात आठवडेच्या आठवडे फक्त गवत कापणारा यायचा तिथे दर शनिवारी कुणी ना कुणी दगडांवरचे आकडे वाचत उभं. मला इतका आनंद झाला होता की ड्युटीवरून येऊन आधी लॉग वाचायची. आणि मग एक गोष्ट खुपायला लागली. दर दोन-तीन लॉगमागे एकच वाक्य, चर्च सुंदर आहे, आत बघायचं होतं पण कुलूप होतं. सुंदर, पण कुलूप. कुलूप होतं, पुढच्या वेळी.

कुलूप का, तर आधी एकदा छपरावरचं शिसं चोरीला गेलं होतं. इथे जुन्या चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे असतात, भाव चढला की चोर रात्री येऊन सोलून नेतात, कितीतरी गावांत झालंय. त्यानंतर दार कायमचं बंद, किल्ली खजिनदारांकडे. आता छपरावरचं शिसं बाहेरून चोरीला जातं, त्याचा दाराशी काय संबंध ते मला कुणीही आजपर्यंत सांगू शकलेलं नाही.

आणि आत काय होतं ते सांगते, म्हणजे मी एवढी का चिडते ते कळेल. कोड्यासाठी आकडे गोळा करत होतो तेव्हा व्हिकरबाईंनी मला आत नेलं होतं. उत्तरेच्या भिंतीवर, बाकाच्या मागे, अर्धी धूळ खाल्लेली एक संगमरवरी पाटी होती. गावातल्या एका घराण्यातला तरुण लेफ्टनंट, बाविसाव्या वर्षी तापाने वारला, आणि वारला कुठे, तर अहमदनगरला. आईबापांनी इथे पाटी लावली कारण मुलाची कबर कधी बघायला मिळणार नव्हती. मी तिथे उभी राहिले आणि मला रडू फुटलं. मी त्या गावाहून इथे आले होते आणि हा इथून त्या गावाला जाऊन मेला होता, आणि त्याची आई ज्या बाकावर बसली असेल त्याच्याशेजारी मी दर पंधरा दिवसांनी बसत होते आणि मला माहीतच नव्हतं. व्हिकरबाईंनाही माहीत नव्हतं. अशा पाट्या इकडच्या कितीतरी चर्चमध्ये आहेत, पूना, किरकी, बेळगाव, आपली सगळी गावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये भिंतींवर कोरलेली आहेत. मला हा कोड्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा करायचा होता, पाटीवरचं साल. करता आला नाही, कारण दाराला कुलूप. दारात रांगोळी काढायची आणि घर बंद करून निघून जायचं असा तो प्रकार होता.

मग भांडण. मी म्हटलं शनिवार-रविवार दिवसा दार उघडं ठेवू. खजिनदार म्हणाले विमा. मी माहिती काढली, इथल्या बहुतेक चर्चचा विमा उतरवणारी कंपनी, एक्लेसिॲस्टिकल, तिचाही सल्ला असा की चर्च दिवसा उघडी ठेवा, लोकांची ये-जा असली की चोर लांब राहतो, चांदीची भांडी तेवढी कपाटात ठेवा. खजिनदार म्हणाले आधी दाखवा की या डबीमुळे किती नवीन उपासक आले, मग दाराचं बघू. आणि पुढे प्रत्येक मीटिंगला तेच. किती आले? म्हणजे आत यायचं दार बंद ठेवून आत किती आले ते मोजायचं. शेवटी व्हिकरबाईंनीच निर्णय घेतला, उघडणार म्हणजे उघडणार. आम्ही चार बायका आणि एक रिटायर्ड पोस्टमन, आळीपाळीने सकाळी उघडायचं आणि संध्याकाळी बंद करायचं.

त्यानंतर जे झालं ते मी तुमच्या कमिटीसाठी मुद्दाम लिहिते. पहिलं म्हणजे व्हिजिटर्स बुक भरायला लागलं. एक माणूस आजोबांचं नाव स्मारकावर सापडलं म्हणून पुन्हा आला, बायको-मुलांना घेऊन. एक बाई कुत्र्यासोबत आत येऊन अर्धा तास बसली, जाताना म्हणाली नवरा गेल्यापासून शांत बसलेच नव्हते, ती आता अधूनमधून येते, उपासनेला नाही, मंगळवारी दुपारी येते, तिच्यासाठी मंगळवारी पण उघडतो. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या, उपासनेला दोन नवीन कुटुंबं दिसली, नाताळच्या कॅरल्सना तर बाक कमी पडले. एका जोडप्याने बाळाचा बाप्तिस्मा आमच्याकडे केला, कारण ते डबी शोधायला आले तेव्हा पोस्टमनकाकांनी त्यांना आत बोलावून चहा दिला होता. दर पंधरवड्याच्या उपासनेला मात्र फक्त तिघं वाढली. खजिनदारांनी वहीत लिहिलं, तीन. मंगळवारची बाई त्या वहीत नाही. मला सांगा ती उपासना करत नाही तर काय करते?

त्यामुळे "मेंबर किती" हे मोजमाप मला मान्यच नाही. मंडळी म्हणजे पावती फाडणारे लोक एवढाच अर्थ धरला तर मग डबी कशाला, सरळ वर्गणी गोळा करा. माझं हे मत इथे अनेकांना पटत नाही, चालेल.

आता तुमच्या पुण्याचं. पहिली गोष्ट, पुण्यात चर्चजवळ डबी लपवू नका. इथेसुद्धा 2011 च्या जुलैमध्ये वेदरबी नावाच्या गावात कॅफेबाहेर कुणीतरी डबी लपवताना दिसला, कुणीतरी पोलिसांना फोन केला, रस्ता बंद, लष्कराचं बॉम्ब पथक आलं आणि त्या खेळण्याच्या डबीचा स्फोट करून टाकला. पुणे तर जर्मन बेकरी झालेलं शहर आहे, 2010 मध्ये बेवारस बॅगेतूनच तो स्फोट झाला होता. प्रार्थनास्थळाच्या भिंतीत कुणीतरी डबी खुपसतोय हे बघून शेजाऱ्याने फोन केला तर तो बरोबरच असेल. डबीशिवायचा प्रकार घ्या, ॲडव्हेंचर लॅब म्हणून आहे, त्याच कंपनीचा. चार-पाच जागा ठरवायच्या, माणूस तिथे पोचला की फोनच्या जीपीएसवरून ॲपला कळतं, मग प्रश्न उघडतो, उत्तर तिथल्याच पाटीवर किंवा दगडावर असतं. लपवायचं काहीच नाही. तेही नको असेल तर गुगल मॅपच्या लिंका आणि एक साधी प्रश्नांची शीट व्हॉट्सॲपवर टाका, पोरांना तेवढंही पुरतं.

आणि पुण्याकडे माल किती आहे! क्वार्टर गेटचं सिटी चर्च, 1792, सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांसाठी जागा दिली. कॅम्पातलं सेंट मेरीज, 1825 मध्ये बिशप हेबर यांनी अभिषेक केलेलं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय, 1885, वेगळा उंच मनोरा, आठ घंटा. आणि पंचहौद म्हटलं की 1890 चं चहा प्रकरण, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक मिशनमध्ये गेले, चहा पुढे आला, आणि नंतर पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. हा इतिहास पुण्यातल्या प्रत्येकाचा आहे, फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही, आणि कितीतरी पुणेकर त्या मनोऱ्याखालून रोज स्कूटरवर जातात पण आवारात पाय ठेवलेला नाही, कारण त्यांना वाटतं आपल्याला आत चालत नाही. आपल्याकडे खरी अडचण ही आहे. इथल्या माणसाला चर्च कंटाळवाणं वाटतं, आपल्याकडच्या शेजाऱ्याला ते परक्याचं वाटतं. त्याला फाटकाच्या आत यायला एक साधं निमित्त हवंय, तेवढं जीपीएस देऊ शकतं.

जीपीएसचं एक तांत्रिक पण सांगून ठेवते, मोकळ्यावर फोन पाच-सात मीटरच्या आत दाखवतो, पण दगडी मनोऱ्याच्या पायथ्याशी आणि पेठेतल्या अरुंद गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि ठिपका भलत्याच घरावर जातो. त्यामुळे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या फोनवर रीडिंग घ्या आणि जागेचं वर्तुळ जरा मोठं ठेवा.

पण खरं सांगायचं तर या सगळ्याच्या आधी एक फुकटचं काम करा. गुगल मॅपवर तुमच्या चर्चचा पिन बरोबर जागी आहे का बघा, फोन नंबर चालू आहे का, रविवारची वेळ बरोबर आहे का, मराठी उपासना कधी आणि इंग्रजी कधी हे लिहिलंय का. नगरला मागच्या सुट्टीत माझ्या मावशीच्या चर्चचा पिन मागच्या गल्लीतल्या गोडाऊनवर होता, लग्नाला आलेले पाहुणे तिथे उभे. चर्च ऑफ इंग्लंडने सगळ्या पॅरिशसाठी, म्हणजे गावोगावच्या मंडळ्यांसाठी, अ चर्च निअर यू म्हणून साइट केलीय, पोस्टकोड टाकला की जवळची चर्च आणि वेळा दिसतात. लोक उपासनेला येतात ते जास्त करून अशाने. 2016 मध्ये पोकेमॉन गो आलं आणि अनेक चर्च आपोआप त्या खेळातली ठिकाणं झाली, तेव्हाही चर्च ऑफ इंग्लंडने सल्ला हाच दिला होता की बाहेर आलेल्या पोरांना पाणी द्या, फोन चार्ज करू द्या, गप्पा मारा. म्हणजे पुन्हा दार उघडणं आणि माणूस दारात असणंच.

तेव्हा कमिटीने "मेंबर किती" विचारलं की तुम्ही उलट विचारा, सोमवार ते शनिवार आपलं चर्च किती तास उघडं असतं, आणि अनोळखी माणूस आत आला तर त्याच्याशी बोलायला कोण असतं. याचं उत्तर "वॉचमन" असेल तर ॲडव्हेंचर लॅब बनवायच्या आधी त्या वॉचमनशी बोला, तो पहिल्याच दिवशी खेळणाऱ्यांना हाकलून देईल.

आता काही गोष्टी राहिल्या. माझा अनुभव एका खेड्यातला आहे, शहरातल्या मोठ्या मंडळीला तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही. दार उघडं ठेवायचं तर माणसं लागतात, आमच्याकडे रिटायर्ड लोक आहेत म्हणून जमतं, तुमच्याकडे महिला मंडळाला विचारा पण सगळं त्यांच्याच गळ्यात घालू नका. भारतात जिओकॅशिंग खेळणारे कमी आहेत, सुरुवातीला फक्त तुमच्याच संघातली पोरं आणि त्यांचे कॉलेजचे मित्र खेळतील, ते पुरेसं समजा. दुसऱ्या चर्चच्या आवारात प्रश्न ठेवायचा असेल तर तिथल्या पाळकांची किंवा फादरांची परवानगी लेखी घ्या, तोंडी हो म्हटलेलं कमिटी बदलली की विसरलं जातं. कबरस्तानात प्रश्न ठेवू नका, तिथे लोक आपल्या माणसांना भेटायला येतात. आणि उपासना, लग्न, अंत्यविधी चालू असताना आत येऊ नये ही सूचना वर्णनाच्या पहिल्याच ओळीत मराठी आणि इंग्रजी दोन्हीत टाका, खाली लिहिलेलं कुणी वाचत नाही.